गावानं ऐकलेलं

"कडी लावा गं, बाबर गुरुजी आल्यात," असं आतून कुणीतरी म्हणालं आणि आमच्या तोंडावर दार बंद झालं.

बाबर सर पायरीवरच उभे राहिले. त्यांच्या एका हातात ऑक्सिमीटर होता, दुसऱ्या हातात ताप बघायची गन. मी मागे रजिस्टर घेऊन उन्हात उभी. सकाळपासून त्या आळीत हेच चाललं होतं. आम्ही लांबून दिसलो की अंगणात भांडी घासणारी बाई भांडी तशीच टाकून घरात जायची.

"सखुमावशी, नुसतं बोट बाहेर काढा," सर दाराच्या फटीपाशी वाकून म्हणाले. "मला आत यायचं नाही."

"बोट न्हाई काढायची मी. अंकुशनं काढलं हुतं की! कुटं हाय अंकुश? त्याला आना जावा, मग काढते बोट."

सर पायरी उतरले आणि पुढच्या दाराकडे चालू लागले. मला मात्र राहवलं नाही. आतल्या म्हातारीला ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले, "आम्हाला काय हौस आलीय का, गावभर बोटं धरत फिरायची?"

"बाई," सर मागे न बघता म्हणाले, "चला."

मी चौदा वर्षांची नोकरी झालेली बाई. तोंड फटकळ आहे हे मला माहीत आहे, आणि ते आवरायचा मी फारसा प्रयत्नही करत नाही. पण बाबर सरांनी 'बाई' म्हटलं की मी गप्प बसायची. साऱ्या तालुक्यात ते एकाच माणसाला जमायचं.

खांडेमळ्याची आमची शाळा पाचवीपर्यंतची. शिक्षक दोनच, मुख्याध्यापक हणमंत बाबर सर आणि मी. करोना आला तसं मार्चात शाळेला कुलूप लागलं, आणि कुलूप लागल्यापासून आम्ही जेवढं राबलो तेवढं उघड्या शाळेत कधी राबलो नव्हतो. आधी जिल्ह्याच्या हद्दीवर नाक्यावर उभं राहून गाड्या अडवल्या. मग रेशन दुकानासमोर चुन्याचे गोल आखले. मग मुंबईहून आलेल्या लोकांना आमच्याच वर्गांत ठेवून घेतलं आणि त्यांच्या शिव्या खाल्ल्या. आता भाद्रपदात घरोघर फिरून ताप आणि ऑक्सिजन मोजणं. या सगळ्याच्या वर 'शिक्षण सुरू आहे' याचा रोजचा फोटो. व्हॉट्सॲपचे इतके ग्रुप झाले होते की मला भाकरी थापतानाही मेसेज आल्याचा भास व्हायचा. 'माहिती तात्काळ भरावी, अन्यथा सर्वस्वी जबाबदारी आपली राहील.' हे वाक्य लिहिणारा माणूस मला कधी भेटला नाही. भेटला असता तर त्याच्या तोंडाला मास्क मी स्वतः बांधून दिला असता, मागून चांगली गाठ मारून.

आणि एवढं करून पारावर चर्चा काय, तर मास्तर लोकांची चैन आहे, घरबसल्या पगार.

सर पंचावन्नच्या पुढचे आणि मधुमेही. अशांना या कामातून सूट होती. सूट मागायला मीच त्यांना सांगितलं होतं. पण त्यांच्या जागी द्यायला तालुक्याकडे दुसरा माणूस नव्हता, गावच्या आशाताई स्वतःच आजारी पडलेल्या, म्हणजे सगळं माझ्या एकटीवर आलं असतं. "तुमचं बाळ अजून अंगावर पितंय," एवढं बोलून सरांनी तो विषय संपवला. रजिस्टर माझ्याकडे दिलं आणि मशीन स्वतःकडे घेतलं. माणसांच्या जवळ ते जायचे, मी लांब उभी राहून आकडा लिहायची. त्यांच्या बायकोला हृदयाचा आजार होता, म्हणून ते विट्याजवळच्या आपल्या घरी गेलेच नव्हते. शाळेमागच्या एका खोलीत राहायचे, स्वतःच खिचडी टाकायचे आणि घरी फोनवर सांगायचे की इथं सगळं मजेत आहे.

आता अंकुशचं सांगते. अंकुश खरात टेम्पो चालवायचा. सरांच्या नोकरीची पहिली वर्षं याच शाळेत गेली होती, तेव्हाचा तो त्यांचा विद्यार्थी. त्याचा ऑक्सिजन भरला शहाऐंशी. सेंटरला नेलेला माणूस परत येत नाही, ही भीती तेव्हा घराघरात होती, आणि अंकुश काही जायला तयार होईना. सर त्याच्या ओट्यावर बसून राहिले, उठेनातच. "अरे, मी सांगतोय ना! सगळी सोय आहे तिथं. तीन दिवसांत तुला दारात आणून सोडतो." अंकुशला धाप लागलेली, तरी तो हसला. "गुरुजी, तुमी म्हणताय म्हंजे जातो," म्हणाला आणि सरांचा हात धरून गाडीत चढला.

तो परत आला नाही. कुणाला तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. सर त्याच्या घरी गेले तेव्हा त्याच्या बायकोनं, रेश्मानं, दार उघडलं नाही. आतून एवढंच विचारलं, "तीन दिस झालं का गुरुजी?"

त्या दिवसापासून गावाची दारं आम्हाला बंद झाली. बंद दारांमागून खोकल्याचे आवाज यायचे आणि आम्ही रजिस्टरात 'सहकार्य नाही' लिहून पुढं जायचो. सर जेवेनासे झाले होते. एका घरातून दुसऱ्या घराकडे जाताना मध्येच थांबून विचारायचे, "आपण आत्ता कुणाकडं गेलो होतो, बाई?" त्या खोकल्यांतला एखादा असाच आतल्या आत संपेल आणि मग हा माणूसही संपेल, अशी मला भीती वाटायची. दुसरं काही डोक्यात यायचंच नाही.

संध्याकाळी कर्ण्याची शाळा असायची. गावात निम्म्या घरांत साधे फोन, रेंज तर टेकडीवर गेलं तरच. म्हणून सरांनीच ही युक्ती काढली होती. ग्रामपंचायतीचा माईक घ्यायचा आणि दिवेलागणीच्या आधी अर्धा तास धडा बोलायचा. कर्णे होते मारुतीच्या देवळावर आणि पलीकडच्या वस्त्यांवर. पंचायतीच्या छपरावरही एक होता, पण तो माईकच्या अगदी जवळ असल्यानं कुई करायचा, म्हणून पंचायतीच्या शिपायानं, पोपटनं, त्याची वायर काढून ठेवली होती. त्यामुळे दार लावून खोलीत बसलं की आपला आवाज आपल्याला ऐकू यायचा नाही. गावाला मात्र लख्ख जायचा. पोरं आपापल्या ओट्यावर पाटी-वही घेऊन बसायची, आणि बाया स्वयंपाक करता करता ऐकायच्या. दारं बंद झाली तरी कर्ण्याला काही दार लावता येत नव्हतं, तेवढी एकच वाट सरांना उरली होती.

त्या संध्याकाळी सरांनी पाचवीला नकाशा शिकवला. शेवटी ते नेहमी काही पोरांची नावं घ्यायचे. सोहमनं घराचा नकाशा काढायचा, तनुजानं देवळापर्यंतची वाट काढायची, असं. नाव कर्ण्यातून आलं की पोरगं दिवसभर मिरवायचं. त्या दिवशी नावं घेता घेता सर मध्येच अडखळले. "आणि... बरं. आज एवढंच," म्हणाले आणि थांबले.

बटणं बंद करायचं काम पोपटचं. पण तो पाणी सोडायला टाकीवर गेला होता. सरांनी पुढं होऊन एक बटण दाबलं, पेटीवरचा दिवा विझला. आम्हाला वाटलं, झालं बंद.

"बरं नाही का सर?" मी विचारलं.

"ईश्वरीचं नाव घेणार होतो." ईश्वरी म्हणजे अंकुशची मुलगी, पाचवीत होती. "तोंडापर्यंत आलं. मग वाटलं, त्या घरात माझ्या तोंडून नाव गेलं तर रेश्माला काय वाटेल? नवऱ्याला नेलं आणि आता पोरीला हाका मारतोय."

"सर, तुम्ही नेलं नाही. आजारानं नेलं."

"मी खोटं बोललो, बाई."

"काय खोटं बोललात?"

"सगळी सोय आहे म्हणालो. आदल्याच दिवशी तालुक्याला मीटिंगला गेलो होतो मी. सेंटरच्या पायऱ्यांवर माणसं बसली होती, धापा टाकत. आत जागा नव्हती. हे मी डोळ्यांनी बघून आलो होतो. आणि याच्या ओट्यावर बसून सांगितलं, सगळी सोय आहे, तीन दिवसांत आणतो."

"मग काय करणार होता? घरी ठेवला असता तरी गेलाच असता तो."

"घरी गेला असता ना!" सरांचा आवाज एकदम चढला. "आपल्या माणसांत गेला असता. पोरीनं पाणी पाजलं असतं. तिथं कुणी पाजलं? बाई, त्याला मी हात धरून 'अ' काढायला शिकवलाय. पाटीवर, असा हात धरून. बोटं वळायची नाहीत त्याची. तोच हात धरून मी त्याला गाडीत बसवला."

आणि बाबर सर रडायला लागले. डोळ्यांतून पाणी आलं, पुसलं, असं नाही. टेबलावर डोकं ठेवून, हुंदके देऊन. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस. मला धीर द्यायला जमत नाही, कधीच जमलेलं नाही. मी त्यांच्यासमोर पाण्याचा तांब्या सरकवला आणि उभी राहिले.

"सकाळी जाग आली की वाटतं, कशाला आली," ते तसेच म्हणाले. "माझ्याच्यानं आता बोटं धरवत नाहीत. समोर माणूस बोट पुढं करतो आणि मला मशीनकडं बघायची भीती वाटते. कुणाला सांगू? बायकोला सांगितलं तर ती तिकडं आजारी पडेल. वर सांगितलं तर म्हणतील, नोटीस काढा. मुलांना शिकवायला आलो होतो हो मी. हे काय करतोय?"

"मी पण दमलेय सर," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता मलाही रडू फुटलं. "घरी गेल्यावर बाळ धावत येतं आणि मी त्याला हातानं लांब ढकलते. आता ते येतच नाही."

अशी आम्ही दोन शिक्षक माणसं त्या बंद खोलीत रडत बसलो. किती वेळ, मला सांगता येणार नाही. मग दार ढकलून पोपट आत आला. गुडघ्यापर्यंत भिजलेला, पळत आलेला.

"काय रे, पाणी सुटलं का?" सरांनी घाईघाईनं तोंड पुसत विचारलं.

"हां... सुटलं, गुरुजी."

तो सरांना वळसा घालून पेटीपाशी गेला आणि दुसरं बटण दाबलं. खट् असा आवाज झाला. मग त्यानं माझ्याकडे बघितलं.  सर रुमालाची घडी करत होते, त्यांचं लक्ष नव्हतं.

ते मागच्या दारानं आपल्या खोलीकडे गेले. मी पुढच्या दारानं बाहेर आले तर सारी आळी दारात उभी. बायांच्या हातांना पीठ तसंच, कडेला पोरं. दार लावणारी सखुमावशी ओट्याच्या कडेला बसून डोळ्यांना पदर लावत होती. सरपंच शालनताई पुढं आल्या आणि माझा दंड धरून मला बाजूला घेतलं. कितीतरी महिन्यांनी घराबाहेरच्या कुणीतरी मला हात लावला होता.

"गुरुजींस्नी ठावं हाय का?"

"नाही."

"मग कळू दिऊ नगासा. मानूस शरमेनं मरल. मी वाडीत आन वस्त्यांवर सांगते समद्यास्नी. पोरांस्नी बी."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्याच आळीत गेलो. सखुमावशी ओट्यावर बसलेली होती आणि बोट आधीच पुढं केलेलं होतं.

"बसवा तुमचं ते यंत्र लौकर," ती म्हणाली. "मला भाकरी टाकायच्यात."

सर दोन क्षण नुसते बघत राहिले. मग खाली बसून त्यांनी तिच्या बोटाला मशीन लावलं. पुढच्या घरी खुर्ची मांडून ठेवलेली. त्याच्या पुढच्या घरी ताक, वर झाकण ठेवून. कुणी उलटं बोललं नाही की कुणी अंकुशचं नाव काढलं नाही. आमचं रजिस्टर भरभर भरायला लागलं. सखुमावशीच्या थोरल्या मुलाला, महादूला, ताप निघाला आणि ऑक्सिजनही कमी. मला वाटलं, आता इथं पुन्हा सगळं फिसकटणार. तर म्हातारीच त्याला म्हणाली, "जा गुरुजी म्हणत्यात तर." तो गेला. आणखी एक म्हातारे गृहस्थ गेले. दोघंही बरे होऊन आले, आपल्या पायांनी चालत.

महादू गावात उतरला त्या दिवशी सरांनी खूप दिवसांनी पोटभर जेवण केलं. त्यांचा चेहराच पालटला. संध्याकाळी माईकवर कविता चालीत म्हणायला लागले, वस्तीवरच्या म्हाताऱ्यांचीसुद्धा नावं घ्यायला लागले.

"बघा बाई," मला म्हणाले, "लोक वाईट नसतात. घाबरलेले असतात. सारखं सांगत राहिलं, न चिडता, तर पटतं माणसाला. तुम्ही लगेच तडतडता."

"हो सर," मी म्हणाले.

मला त्यांच्याकडे बघवायचं नाही. आनंदही व्हायचा आणि धाकधूकही. गावात एखादं पोरगं सर दिसले की आईच्या मागं जायचं आणि तिथून टुकूटुकू बघायचं, तेव्हा माझा जीव टांगणीला लागायचा. पण वाडीनं तोंडातून शब्द काढला नाही. एरवी कुणाच्या घरी काय शिजलं ते तासाभरात साऱ्यांना कळतं, त्या वाडीनं हे पोटात ठेवलं. मला त्या लोकांचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

एक घर तेवढं राहिलं होतं. रेश्माच्या दारावरून जाताना सर खाली बघून चालायचे आणि मीही त्या घराचा रकाना सोडून पुढं लिहायची. एक दिवस ती दारात उभी होती. कपाळ मोकळं, अंगावर जुनी हिरवी साडी, ईश्वरीला पुढं घेतलेलं.

"गुरुजी," ती म्हणाली, "आमचं घर वाडीत न्हाई का?"

सर थांबले. पायरी चढून वर गेले, वाकून खाली बसले. तिनं बोट पुढं केलं. मशीन लावताना ते सरांच्या हातून एकदा निसटलं.

"अठ्ठ्याण्णव," त्यांनी मला सांगितलं. मग मान वर न करता म्हणाले, "रेश्मा, मी तुला..."

"काय बोलू नगासा, गुरुजी." तिनं बोट तसंच ठेवलं होतं. तिचा आवाज अगदी शांत होता, घरातल्या मोठ्या माणसाची समजूत काढावी तसा. "तुमी जिवाला लई लावून घेतलंय. त्यो घरी ऱ्हायला असता तरी जानारच हुता. पोरीनं पानी पाजलं असतं, येवढंच. आन तितं जागा न्हाई म्हणून सांगितलं असतंसा, तर त्यो हालला तरी असता का? खोटं बोललासा, ते त्याच्यासाठीच बोललासा की. आमचा काय राग न्हाई तुमच्यावर."

माझं पेन थांबलं.

सरांनी मान वर केली आणि तिच्याकडे बघितलं. मग हळूच वळून माझ्याकडे. रेश्माच्याही ध्यानात आलं असावं, कारण तिनं एकदम पदर तोंडावर धरला आणि तिचे डोळे भरून आले. बिचारी! तिनं किती दिवस मनात जुळवून जुळवून ते बोलणं तयार केलं असेल.

सरांनी तिच्या बोटाचं मशीन अलगद काढलं, कापसानं पुसलं. "ईश्वरी, बोट दे बाळ," म्हणाले. आकडा दिसेपर्यंत वाट बघितली. "नव्व्याण्णव. लिहा, बाई."

आम्ही गल्लीत आलो. सर चालता चालताच बोलले.

"पोपटनं येऊन बंद केलं. मी दाबलं ते भलतंच होतं."

"हो सर."

"सगळ्या वस्त्यांवर गेलं?"

"हो."

"पोरांनी पण ऐकलं."

"पोरांना काय कळतंय, सर."

"पाचवीच्या पोरांना? सगळं कळतं, बाई."

पुढं सखुमावशीचा ओटा होता. तिनं आम्हाला बघून आत हाक मारली आणि स्वतःच तांब्या घेऊन आली. "या गुरुजी, ताक घ्या. गार हाय." सरांनी उभ्या उभ्याच फुलपात्र घेतलं, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले आणि परत दिलं. "बरं वाटलं, मावशी," म्हणाले. आणि चार पावलं पुढं गेल्यावर, माझ्याकडे न बघता, "म्हणजे ताक त्या रडण्याचं होतं."

मी रजिस्टर उघडून पुढच्या घराचा रकाना काढला. 

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळचा माईक माझ्याकडे आला. घसा बसलाय, असं त्यांनी पोपटला सांगितलं. घरोघरचं काम मात्र त्यांनी शेवटपर्यंत केलं, एकही घर न सोडता. लोक खुर्ची द्यायचे, ते बसायचे. ताक द्यायचे, ते प्यायचे. फक्त कुणाच्या डोळ्यांकडे बघायचे नाहीत. मी एकदा म्हणाले, "सर, लोकांना तुमच्याबद्दल माया वाटते, त्यात काय वाईट आहे?" तर म्हणाले, "शिव्या देत होते तेव्हा मी त्यांचा गुरुजी होतो."

"आणि आता?"

"आता आजारी माणूस आहे."

जानेवारीच्या शेवटी पाचवीचा वर्ग भरवायला परवानगी मिळाली. मला वाटलं, आता सगळं सुरळीत होईल. हा माणूस मुलांत आला की बरा होईल, हे मला पक्कं ठाऊक होतं. आम्ही दोघांनी मिळून वर्ग धुतला, बाकांवर अंतराच्या खुणा केल्या. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मुलं आली, हात धुऊन आत जाऊन बसली. मी दारातच उभी राहिले. मला ते बघायचं होतं.

सर आत गेले. मुलं उभी राहिली, "नमस्ते गुरुजी" म्हणाली आणि बसली. आणि मग काहीच नाही. इतक्या महिन्यांनी एका खोलीत आलेली पोरं, पण कुणी कुणाला ढोसलं नाही, कुणी पेन्सिल मागितली नाही, मागच्या बाकावरचा सोहम, जो आयुष्यात कधी स्वस्थ बसला नव्हता, तोसुद्धा हाताची घडी घालून पुढं बघत होता. सर थोडा वेळ थांबले. हसून म्हणाले, "अरे, बोला की काहीतरी. गोंधळ घालायचा विसरलात काय?"

मुलं शहाण्यासारखी हसली. आवाज मात्र कुणी केला नाही.

सरांनी खडू घेतला. त्यांची एक पद्धत होती. वर्ग मरगळला की फळ्यावर मुद्दाम काहीतरी चुकीचं लिहायचं आणि आपण जणू त्या गावचेच नाही असा चेहरा करून उभं राहायचं. मग पोरं बाकावर चढून ओरडायची, गुरुजी चुकलं, गुरुजी चुकलं, आणि सर कपाळावर हात मारून घ्यायचे. माझ्या वर्गातल्या पहिलीच्या पोरांना तो आरडाओरडा ऐकून हेवा वाटायचा.

त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं, ७ × ८ = ५४. बाजूला झाले आणि वर्गाकडे तोंड करून उभे राहिले.

कुणी काही बोललं नाही.

पहिल्या बाकावर ईश्वरी होती. तिनं फळ्याकडे बघितलं. तिचे ओठ हलले, छप्पन्न असं मला स्पष्ट दिसलं. शेजारच्या खुणेपलीकडून तनुजानं तिचा फ्रॉक ओढला. ईश्वरीनं ओठ घट्ट मिटले आणि वहीत बघत चोपन्न लिहून घेतलं. साऱ्या वर्गानं माना घालून चोपन्न लिहून घेतलं.

सर वाट बघत राहिले. मी दारातून ओरडणार होते, 'अरे, चुकलंय ते, सांगा की!'  तेवढ्यात सर वळले, हातानंच चोपन्न पुसलं, छप्पन्न लिहिलं आणि खडू टेबलावर ठेवला. माझ्याजवळून जाताना म्हणाले, "बाई, जरा वर्ग बघा."

ते वर्गात पुन्हा कधी आले नाहीत. आधी रजा, मग स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज, मग विट्याजवळचं घर. गावातली माणसं दोनदा त्यांना आणायला गेली, सखुमावशीसुद्धा गेली. सर सगळ्यांशी चांगलं बोलले, चहा दिला आणि बसस्टँडपर्यंत पोचवायला आले. हे सगळं पुढचं. त्या वेळी मला फक्त खिडकीतून ते मैदान ओलांडून जाताना दिसत होते आणि मला पोरांकडे वळवत नव्हतं.

"बाई," मागून ईश्वरीनं हळूच हाक मारली.

मी वळले. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता, शाबासकीची वाट बघावी तसा.

"गुरुजींचं चुकलं हुतं," ती कुजबुजत म्हणाली. "पर आमी कुनीच बोललो न्हाई."